शेतावरचा इतिहास-निवेदक : कुलाबा किनाऱ्याच्या संदर्भात एक विचार

१

इतिहास ग्रंथात वाचावा, वस्तुसंग्रहालयात पाहावा, की तो प्रत्यक्ष जगून दाखवावा, हा प्रश्न युरोपात गेल्या शतकाच्याही आधी उपस्थित झाला. १८९१ मध्ये आर्टुर हाझेलियस याने स्टॉकहोम येथे स्कान्सेन हे उघड्यावरचे संग्रहालय स्थापन केले. निरनिराळ्या प्रांतांतील जुनी घरे उचलून तेथे आणली गेली आणि त्या घरांत त्या त्या प्रांताच्या वेशातील माणसे वावरू लागली. अमेरिकेत या कल्पनेने शेताचे रूप घेतले. आयोवा राज्य विद्यापीठातील शेतीच्या अर्थशास्त्राचे प्राध्यापक विल्यम मरे यांनी १९७० मध्ये डे मॉइन शहरालगत जी 'जिवंत इतिहासाची शेते' उभी केली, त्यांत आयोवे या मूळ रहिवाशांचे १७०० मधील शेत, १८५० मधील वसाहतकाराचे शेत आणि १९०० मधील घोड्यांच्या बळावर चालणारे शेत अशी तीन शेते आहेत. या शेतांवर नांगरणारी, स्वयंपाक करणारी, लोहारकाम करणारी आणि ते करता करता पाहुण्यांशी बोलणारी जी माणसे नेमलेली असतात, त्यांना आपण येथे 'इतिहास-निवेदक' म्हणू.

या निवेदकाच्या कामाचे शास्त्रही तयार झाले आहे. फ्रीमन टिल्डन याने १९५७ मध्ये आपल्या ग्रंथात या व्यवसायाची सहा तत्त्वे मांडली. नुसती माहिती देणे म्हणजे अर्थ सांगणे नव्हे, आणि निवेदकाचे खरे काम शिकविण्याचे नसून श्रोत्याच्या मनाला चालना देण्याचे आहे, हे त्यांतील मुख्य सूत्र. पुढे अनुभवाने निवेदनाचे दोन प्रकार ठरले. पहिल्यात निवेदक भूतकाळातील व्यक्ती 'होऊन' बोलतो; त्याला आपण प्रथमपुरुषी निवेदन म्हणू. दुसऱ्यात तो जुन्या वेशात जुने काम करतो, पण आजचा माणूस म्हणून 'ते असे करीत' असे सांगतो. हे तृतीयपुरुषी निवेदन. मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ येथे १९४७ मध्ये संस्था स्थापन झाली. आरंभी तेथे पुतळे होते, ते हटवून जिवंत माणसे आली, आणि १९७८ पासून त्यांनी प्रथमपुरुषी निवेदनाचा अवलंब केला.

आपल्याकडे या पद्धतीचे पूर्ण विकसित असे शेत नाही. तथापि तिचे निकटवर्ती प्रकार आता पुष्कळ आढळतात. कोल्हापूरजवळील कणेरी मठावर सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. बारा बलुतेदारांसह सारे गाव तेथे पुतळ्यांच्या रूपाने उभे केले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारल्यापासून बैलगाडी, चुलीवरची भाकरी, बाज आणि विहीर यांच्या साहाय्याने 'जुने गाव' दाखविणाऱ्या केंद्रांना अधिकृत स्थानही मिळाले आहे. मुंबईला अगदी जवळ असल्यामुळे रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या, किनाऱ्यावर या प्रकाराचा विस्तार होणे स्वाभाविक आहे. अशा ठिकाणी आपल्या विभागातील पदवीधर निवेदक म्हणून काम करू लागले तर त्यांनी काय सांगावे आणि कोणत्या मराठीत सांगावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न व्यवसायाचा दिसतो. मुळात तो भाषेचा आणि न्यायाचा आहे.

२

प्रथम या किनाऱ्यावर आज जो निवेदक प्रत्यक्ष आहे त्याच्याकडे पाहू. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला जाणारी शिडाची होडी हे त्याचे व्यासपीठ होय. होडीत किंवा किल्ल्यात वाटाड्या जी कथा सांगतो तिचा साचा ठरलेला असतो. सिद्दींचा अजिंक्य किल्ला, कलालबांगडी तोफ, शिवाजी महाराजांनी समोर उभारलेला पद्मदुर्ग, संभाजी महाराजांनी खाडी भरून वाट काढण्याचा केलेला प्रयत्न, आणि शेवटी १९४८ मधील संस्थानाचे विलीनीकरण. ही कथा रसाळ असते, आणि तिच्यातील बराच भाग खराही असतो. परंतु तिच्यात एक मौज आहे. वाटाडा तोफेकडे बोट दाखवीत असतो, त्या वेळी होडीवाला वारा पाहून शीड फिरवीत असतो, भरती-ओहोटीच्या हिशेबाने दरवाजाशी होडी लावीत असतो. ज्या विद्येवर हा किनारा शतकानुशतके जगला ती विद्या त्या क्षणी प्रवाशांच्या डोळ्यांसमोर जिवंत असते आणि तिच्याविषयी मात्र कोणी अवाक्षर काढीत नाही. खरा जिवंत इतिहास येथे होडीवाल्याच्या हातात आहे, निवेदकाच्या तोंडी नाही.

या उदाहरणावरून एक दंडक निघतो. ज्याला इतिहास म्हणून सांगितले जाते आणि ज्यात इतिहास खरोखर टिकून असतो, त्या दोन गोष्टी एकच असतात असे नाही. राजे, लढे आणि तोफा यांना कथा असते. कामाला कथा नसते. शेतावरच्या निवेदकाचे वैशिष्ट्य हे की त्याला कामालाच कथा बनवावे लागते.

३

मग कुलाबा किनाऱ्यावरील शेताचे काम कोणते? या प्रश्नाचे उत्तर आजची पर्यटनस्थळे अष्टागरातील नारळी-पोफळीच्या वाड्या दाखवून देतात. वाडी रम्य असते, तिच्यात सावली असते, आणि जुन्या रहाटाचे अवशेष दाखविता येतात. परंतु या किनाऱ्याचे विशिष्ट शेत वाडी नव्हे, खारी जमीन होय. खाडीच्या तोंडाशी मातीचा बांध घालून समुद्र मागे हटवावा, बांधाला उघाडी ठेवून पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडावे आणि भरतीचे आत येऊ देऊ नये, अशा रीतीने पिढ्यान् पिढ्यांच्या श्रमाने ही भातशेते निर्माण झाली. त्यांत पावसाने मीठ धुऊन निघाल्यावर मोड आलेले बी चिखलात फेकतात. खारेपणा सोसणाऱ्या तांबड्या दाण्याच्या भाताच्या जाती येथेच टिकल्या. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातून निघालेल्या 'पनवेल' नावाच्या जाती हा त्याच अनुभवाचा शास्त्रीय विस्तार म्हणता येईल.

बांधाला खांड पडली की एका शेतकऱ्याचे नव्हे, सबंध पट्ट्याचे शेत जाते. म्हणून बांधबंदिस्ती ही सामुदायिक गोष्ट होती. ती कोणी करावयाची, तिचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न येथील शेतीच्या केंद्रस्थानी होता, आणि १९४८ चा खारजमिनींविषयीचा मुंबई राज्याचा कायदा व १९७९ चा महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा या दोहोंना तो सोडवावा लागला. ज्या निवेदकाला बांध, उघाडी आणि खांड यांचा परस्परसंबंध सांगता येत नाही, त्याने कितीही सुंदर बैलगाडी सजविली तरी तो या किनाऱ्याचा इतिहास सांगत नाही; तो कोठल्याही गावाचा देखावा मांडतो.

४

आता मूळ अडचणीकडे येऊ. शेत पिकले, पीक कोणाचे? कुलाबा जिल्ह्यात खोती होती. खोत सरकारला सारा भरी आणि कुळाकडून धान्याच्या रूपाने खंड घेई. अर्धेलीच्या रिवाजात पिकाचा अर्धा वाटा जाई. या व्यवस्थेविरुद्ध अलिबाग तालुक्यात चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी सभा झाली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांतील कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार केला. हा संप १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे चालला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३८ च्या जानेवारीत कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. १९३९ आणि १९४८ चे कूळकायदे, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ रोजी कुळांना मिळालेला मालकीचा हक्क ही त्यानंतरची मालिका सर्वश्रुत आहे.

जिवंत इतिहासाच्या पद्धतीची खरी कसोटी येथे लागते. या किनाऱ्याच्या शेतीच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना कोणती असे विचारले, तर ती शेती 'न करण्याची' घटना आहे. नांगरणे दाखविता येते, झोडणी दाखविता येते. सहा वर्षे न नांगरणे कसे दाखविणार? कामाचे प्रात्यक्षिक हेच ज्या पद्धतीचे सारे भांडवल, तिच्यापाशी कामाच्या नकाराला जागा नाही. आणि म्हणूनच अशा स्थळांवर दिसणारा शेतकरी सदैव कष्टाळू, सदैव हसतमुख आणि सदैव संतुष्ट असतो. हा काही निवेदकाच्या दुष्ट हेतूचा परिणाम नव्हे. तो पद्धतीतच दडलेला दोष आहे. पुतळ्यांच्या गावाची गोष्ट याहून वेगळी नाही. तेथे प्रत्येक बलुतेदार आपापल्या जागी कायमचा बसलेला असल्यामुळे परस्परावलंबन दिसते. बलुते कमी मिळाले म्हणून कोणी उठून गेला, हे दिसू शकत नाही. पुतळा उठत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो अगदी साधा आहे. अशा शेताचा एक तुकडा पडीक ठेवावा. तेथे गवत वाढू द्यावे. पाहुण्याने 'हे शेत का लावले नाही' असे विचारले की निवेदकाने चरीच्या संपाची हकीकत सांगावी. टिल्डनने ज्या चालनेची अपेक्षा केली ती या रिकाम्या तुकड्यातून जितकी मिळेल तितकी भरल्या शेतातून मिळणार नाही.

५

आता भाषेचा प्रश्न घेऊ, कारण मराठीच्या अभ्यासकाला येथे विशेष बोलण्याचा अधिकार आहे. प्रथमपुरुषी निवेदनाची पद्धत इंग्रजी भाषेत वाढली. त्या भाषेत मध्यमपुरुषाला आज एकच सर्वनाम आहे. त्यामुळे १८५० मधील शेतकरी 'झालेला' निवेदक पाहुण्याशी बोलतो तेव्हा पाहुणा कोण, हे ठरविण्याची गरज त्याला व्याकरणाने पडत नाही. मराठीत तसे नाही. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतून निवड केल्यावाचून, आणि त्या निवडीप्रमाणे क्रियापद वळविल्यावाचून, वाक्यच पुरे होत नाही. समाजातील उच्चनीचता आपल्या भाषेत क्रियापदाच्या प्रत्ययात वसलेली आहे.

याचा परिणाम पाहा. १९३० च्या सुमारास कूळ असलेला शेतकरी म्हणून निवेदक अंगणात उभा आहे आणि मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना तो 'आपण यावे, बसावे' असे म्हणतो. पाहुण्यांना हा कोकणी अगत्याचा नमुना वाटतो. वस्तुतः त्या काळी त्या अंगणात शहरी कपड्यांत येणारा, ज्याच्यासाठी बाज टाकली जाई आणि ज्याच्यापुढे कूळ उभे राही, असा माणूस बहुधा खोत, त्याचा कारभारी किंवा सावकार असे. म्हणजे खोताला कथेतून वगळले तरी त्याची जागा रिकामी राहत नाही. ती नकळत पाहुण्याला दिली जाते. पैसे देऊन आलेला प्रेक्षक घटकाभर खोत होतो आणि त्याला त्याची कल्पनाही नसते. दृश्यातून जे काढून टाकले ते व्याकरणाने परत आणले.

उलट बाजूने विचार केला तरी अडचण आहेच. खारी जमीन कसणारा समाज मुख्यतः आगरी. आगरी बोलीत घरच्या वडीलधाऱ्यांनाही एकेरी संबोधन सहज चालते. त्यात अनादर नसतो. निवेदकाने इमानाने ती बोली वापरली, तर पाहुण्याला तो उद्धट वाटेल किंवा विनोदी वाटेल. चित्रपट-नाटकांनी किनाऱ्यावरच्या बोलींचा उपयोग हशा पिकविण्यासाठी इतका केला आहे की हा दुसरा धोका अधिक मोठा आहे. त्याने ती टाकून प्रमाण मराठी स्वीकारली, तर ज्या भाषेत बांधावरचे सारे ज्ञान साठविलेले आहे ती भाषाच नाहीशी होते. धवलारणीच्या धवल्यांचेही असेच होते. आगरी लग्नात तिचे गाणे हा विधीचा भाग आहे; पाहुण्यांच्या जेवणानंतर तेच गाणे करमणूक ठरते. शब्द तेच, पण संबोधित बदलला, आणि संबोधित बदलला की अर्थ बदलतो.

६

येथे एक आक्षेप संभवतो. माणसे सुटीच्या दिवशी चार घटका विसाव्यासाठी येतात. त्यांच्यापुढे खंड, कर्ज आणि संप यांची फिर्याद मांडावी काय? शिवाय दुःखाचे प्रदर्शन मांडणे हेही एक प्रकारे दुःखाचा बाजार मांडणेच नव्हे काय?

आक्षेप क्षुल्लक नाही. अमेरिकेतील विल्यम्सबर्ग येथे ऑक्टोबर १९९४ मध्ये गुलामांच्या लिलावाचा प्रसंग निवेदकांनी सादर केला, तेव्हा नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेनेच त्याला विरोध केला. पूर्वजांच्या अपमानाचा पुन्हा तमाशा नको, ही त्यांची भूमिका होती. सादर करणाऱ्यांतही कृष्णवर्णीय निवेदक होते, आणि हा इतिहास झाकून ठेवणे हाच मोठा अपमान आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंना न्यायाची जाणीव होती. आपल्याकडे हा पेच अधिक जवळचा आहे. कूळ झालेला निवेदक हा कदाचित चरीच्या संपातील कुळाचाच पणतू असेल. पणज्याने ज्या वाकण्याला नकार दिला ते वाकणे पणतूने वेतनासाठी रोज दोनदा करावे, ही कल्पना कोणत्याही विचारी माणसाला अस्वस्थ करील.

माझ्या मते यातून मार्ग आपल्या परंपरेतच सापडतो. कीर्तनकाराकडे पाहावे. तो वेश बदलत नाही. पूर्वरंगात विषय मांडतो, उत्तररंगात आख्यान लावतो. आख्यानात दोन वाक्ये राजाची बोलतो, दोन भक्ताची, आणि लगेच त्यांतून बाहेर येऊन आपल्या स्वतःच्या आवाजात श्रोत्यांना विचारतो की याचा अर्थ काय. पात्रात शिरणे आणि पात्रातून निघणे ही त्याची खरी कला. त्याने राजाचे वाक्य उच्चारले म्हणून त्याला कोणी राजा समजत नाही आणि दीनाचे उच्चारले म्हणून तो दीन होत नाही. प्रथमपुरुष आणि तृतीयपुरुष यांमध्ये पाश्चात्त्यांनी जी भिंत घातली ती कीर्तनाने कधी मानलीच नाही. आपल्या निवेदकाने हाच मार्ग घ्यावा. त्याने आजचा माणूस म्हणून, बरोबरीच्या नात्याने पाहुण्यांशी बोलावे. आणि जेथे कुळाचे खोताशी बोलणे सांगावयाचे तेथे ते वाक्य त्याच बोलीत, त्याच सर्वनामासह उच्चारून, ते सर्वनाम का वापरले जाई याकडे लक्ष वेधावे. असे केल्याने बोलीची थट्टा होत नाही आणि निवेदकाचा मानही राहतो.

दुःखाच्या प्रदर्शनाविषयी असे म्हणता येईल की फिर्याद करण्याची गरजच नाही. काम पुरे दाखविले म्हणजे झाले. आजची केंद्रे झोडणीपाशी थांबतात. त्यांनी खळ्यावरची मोजणीही दाखवावी. पाहुण्यांनीच पायलीने भाताची रास मोजावी. वीस मापे झाली तर अर्धेलीने दहा बाजूला जातील. उरलेल्या दहांतून पुढच्या वर्षाचे बी काढावे, सावकाराचे धान्य वाढीसह काढावे, आणि मग जे उरेल ते घरातील माणसांत बारा महिन्यांवर वाटून पाहावे. निवेदकाने एक शब्द बोलला नाही तरी चालेल. लहान मुलालाही भागाकार येतो.

७

शेवटी या कामाचे आपल्याशी नाते काय, ते सांगितले पाहिजे. अलिबागजवळ अक्षी येथील शिलालेख मराठीतील आद्य लेखांपैकी एक म्हणून आपण शिकवितो. शके ९३४ हा त्याचा काळ धरावा की नाही यावर आपल्यात वाद चालतो. तो लेख देवीसाठी लावून दिलेल्या धान्याविषयी आहे. राजा कोण, प्रधान कोण, हे त्यात आहे. ते धान्य पिकविणारा कोण, हे त्यात नाही. या किनाऱ्यावर मराठी दगडावर आली तेव्हापासूनच ती पिकाचा हिशेब ठेवते आणि पिकविणाऱ्याचे नाव गाळते. १८८३ चे कुलाबा गॅझेटियर खारजमिनीचे तपशील मोठ्या काळजीने देते, पण तेही सारा वसूल करणाऱ्या दृष्टीनेच. शेतावरच्या निवेदकाला ही गाळलेली जागा भरण्याची संधी आहे. तीही त्याने सोडली, तर शिलालेखाला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

आणखी एक भान राखले पाहिजे. आयोवातील शेत १९०० मध्ये संपते आणि पाहुणा महामार्गाने घरी जातो. येथील विषय अजून संपलेला नाही. २००८ च्या सप्टेंबरात पेण परिसरातील बावीस गावांच्या शेतकऱ्यांनी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी द्याव्यात की नाही यावर मतदान केले. खांडी पडून खारफुटीखाली गेलेली शेते, विकलेल्या वाड्या आणि त्यांवर उभी राहिलेली विश्रामगृहे हा आजचा व्यवहार आहे. म्हणून 'पूर्वी असे होते' या वाक्यावर निवेदन थांबविता येत नाही. ज्या जागेवर पाहुणा उभा आहे ती जागा काल कोणाची होती, हा प्रश्न अशा निवेदनात यावाच लागतो, मग तो यजमानालाही कितीही अवघड वाटो.

यासाठी लागणारी सामग्री तयार ग्रंथांत नाही. ती बांधावर काम केलेल्या वृद्ध स्त्रीपुरुषांच्या बोलीत आहे. बांधाच्या निरनिराळ्या भागांची नावे, उघाडीच्या फळ्यांचे शब्द, भरतीच्या तिथींचे हिशेब, मोजणीची मापे, खोताशी बोलण्याच्या रीती यांचा संग्रह बोलीच्या मूळ रूपात करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना झेपणारे आणि त्यांच्याच अभ्यासक्षेत्रातील काम आहे. यंत्राने बांध घातले जाऊ लागल्यापासून या शब्दांचा वापर उतरणीला लागला आहे. निवेदक कोणता वेश घालील हे पर्यटनवाल्यांनी ठरवावे. तो कोणते शब्द बोलेल हे ठरविण्यास उपयोगी पडेल अशी सिद्धता मात्र मराठीच्या विभागांनी केली पाहिजे.